पिठी ढवळताना

कुडाळच्या बसस्टँडमागे, दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब.
मी तिथे आतडी कापते.
म्हणजे मेणात बसवलेले त्यांचे तुकडे,
भाताच्या शिताएवढे.
चाक फिरवलं की फीत सुटते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
ती कोमट पाण्यावर तरंगवायची, काचेवर उचलायची,
मग रंग. आधी जांभळा, त्यावर गुलाबी.

निरोगी आतड्यातल्या ग्रंथी
दोरी धरून लावलेल्या तरव्यासारख्या ओळीत उभ्या असतात.
बिघडलं की एकमेकींच्या अंगावर चढतात.
निदान माझं काम नाही, ते डॉक्टर सामंत करतात.
पण चौदा वर्षांत डोळ्यांना कळायला लागतं,
आणि तोंडाला गप्प बसायला.

मार्चमध्ये एक डबी आली, नंबर ३१८.
झिलू राऊळ, वय अडुसष्ट, पिंगुळी.
बुधवारच्या बाजारातला माझा कुळीथवाला.
मापावर मूठभर जास्त टाकणारा,
आणि दर वेळी तेच बजावणारा,
"रात्री वारो सुटलो तर माझा नाव घेव नको, बाय."

रिपोर्ट न्यायला तो स्वतः आला.
कागद उलटा धरून म्हणाला,
"जल्मभर कुळीथ खाल्लंय.
मग माकाच कित्याक?"

काय सांगणार होते?
भात कापल्यावर त्याच मळ्यात तो कुळीथ फोकतो.
वर पाऊस नाही, शेजारी पाट नाही.
जमिनीत राहिलेली ओल आणि पहाटेचं दव,
एवढ्यावर वेल फुलतो, शेंगा धरतो.
आतड्याचा शेवटचा टप्पाही तसाच.
सकस ते सगळं वरच्या वर शोषलं जातं,
खाली पोचतं ते न पचलेलं,
कुळथाचं चिवट पिष्ट, सालीतला तुरटपणा.
त्या उरल्यासुरल्यावर तिथले जिवाणू जगतात,
ते आंबवतात, आणि एक आम्ल सोडतात
खवट लोण्याच्या वासाचं.
आतड्याच्या पेशी तेच जेवतात.
वाट चुकलेल्या पेशींना म्हणे
तेच मरायची आठवण करून देतं.

उंदरांत दिसलंय. काचेच्या बशीत दिसलंय.
माणसांत, बहुधा.
मी हे सगळं त्याच्यापुढे मांडलं, अडखळत,
आणि "बहुधा"पाशी आले तेव्हा
तो माझ्याकडे असा बघत होता
जसं मी त्याच्या मापात खडा टाकलाय.

"तुमचं वेळेवर सापडलं, काका. मोड होता नुसता.
देठासकट काढलाय."
"म्हणजे कुळथान हात दिलो, की नाय दिलो?"
"माहीत नाही."
तो थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिला.
"म्हायत नाय म्हणणारो डाक्टर पयलोच बघलंय."
"मी डॉक्टर नाही, काका."
"म्हणानच," तो म्हणाला,
आणि कागदाची घडी करून टोपीत ठेवली.

पुढच्या बुधवारी तो जागेवर होता.
मूठ जास्तच टाकली. वाऱ्याबद्दल काही बोलला नाही.

आता रात्रीचे साडेआठ.
लसूण तडतडली, सोलं टाकली,
एका हाताने पीठ सोडते, दुसऱ्याने ढवळते.
मुलगा दारातूनच नाक मुरडून गेलाय,
त्याला दोन मिनिटांत होणारं काहीतरी हवंय.
पिठीचं एवढंच असतं, हात थांबवायचा नाही.
थांबला की गाठ धरते.
डावाच्या पाठीने टोपाच्या कडेला चेपून
मी एकेक मोडत जाते,
आणि दिवसभरात काचेखाली पाहिलेलं
काही मनात येऊ देत नाही.

एखादी राहतेच.
आज माझ्याच ताटात आली, आत कोरडं पीठ तसंच.
मी ती भाताच्या कडेला सारली,
आणि मग, का कोण जाणे,
खाल्ली.